विमलच्या अर्जावरची सही

सावळे सर,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहितात. मी लिहिलं आणि खोडलं. 'आदरणीय' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नुसतं 'सर' उरलं. तेवढं राहू द्या. चाळीस वर्षं तोंडात बसलेला शब्द आहे, आता कुठं काढून टाकू?

तुम्हाला जाऊन आज अकरावा दिवस. काल तुमच्या मुलाचा फोन आला होता. "मॅडम, बाबांची स्मरणिका काढून राहिलो. तुम्ही त्यांच्या सगळ्यात लाडक्या विद्यार्थिनी. व्हेक्टर कॅल्क्युलस बाबा कसं शिकवायचे, त्याच्यावर दोन पानं द्या." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि मला हसूच आलं. तुम्ही व्हेक्टर कॅल्क्युलस कसं शिकवायचात! सर, तुम्ही ते शिकवलंत कधी?

आता तुम्ही उत्तर द्यायला नाही. तुम्ही होतात तेव्हाही देत नव्हतात, म्हणून फारसा फरक पडत नाही. पण दोन पानांत खोटं लिहायचं नसेल, तर आधी तुम्हालाच काय ते सांगून टाकावं असं वाटलं. म्हणून नांदेडच्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, हे लिहायला बसले आहे.

मी तुमच्या वर्गात आले तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उदगीरहून अप्पा मला सोडायला आले होते. आमचं भांड्यांचं दुकान. अप्पा कपाळाला विभूती लावून, कडक इस्त्रीचं धोतर नेसून तुमच्या दारात उभे राहिले आणि तुम्हाला वाकून नमस्कार केला. वयानं ते तुमच्यापेक्षा मोठे होते, सर. तुम्ही त्यांना खाली वाकू दिलंत. "पोर हुशार हाय, सर. तुमच्या हातात देऊन चाललो," अप्पा म्हणाले. तुम्ही पान चघळत म्हणालात, "हुशार पोरींचं काय, लग्न ठरलं की हुशारी संपली." अप्पा हसले. बिचारे. त्यांना वाटलं, मोठा माणूस विनोद करतो आहे.

तुमची ती वही! तिच्यावर खरं तर एक स्वतंत्र लेख व्हायला पाहिजे. कडेनं पिवळी पडलेली, पाठीला काळी पट्टी चिकटवलेली. तुम्ही वर्गात यायचात, वही उघडायचात, आणि फळ्याकडं तोंड करून तिच्यातलं फळ्यावर उतरवायला लागायचात. आम्ही फळ्यावरचं वहीत उतरवायचो. तास संपायचा. त्याला तुम्ही शिकवणं म्हणायचात.

सदिशावर, म्हणजे व्हेक्टरवर, बाण काढायचा असतो, हे बारावीच्या पोरांनाही ठाऊक असतं. तुम्ही काढायचा नाहीत. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, "सर, हे सदिश हाय का साधी संख्या?" तुम्ही मागं न बघता म्हणालात, "बाण तुमचे तुम्ही द्या. मला वेळ न्हाई." वेळ कशाला नव्हता? नव्या जिल्ह्याच्या स्वागत समितीत तुम्ही होतात. कुठला साहेब रुजू झाला, कुणाला हार द्यायचा, कुणाच्या मुलाची शिकवणी घ्यायची, यात तुमचा दिवस जायचा. गावात त्या वर्षी दुकानांच्या, कचेऱ्यांच्या, शाळांच्या पाट्यांवर 'जिल्हा लातूर' असं नव्यानं रंगवत होते. तुम्हीही घरावरच्या पाटीत 'जिल्हा' घातलात. गणिताच्या प्राध्यापकाला घराच्या पाटीवर जिल्हा कशाला लागतो, सर?

आणि त्याच वर्षी पाणी आटलं. पाऊस झालाच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळीनंतर विहिरी तळाला गेल्या. मुलींचं वसतिगृह बंद केलं, पाणी नाही म्हणून. मुली आपापल्या गावी परत गेल्या. मी आणि विमल, आम्ही दोघी तुमच्याच गल्लीत गौराक्कांच्या माडीवर एक खोली घेऊन राहिलो.

विमल आठवते का? नाही आठवणार. नंतर एकदा मी तुम्हाला विचारलंच होतं, ते पुढं सांगते.

विमल निलंग्याकडची. बाप लहानपणीच गेलेला, आई शिवणकाम करायची. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. पहाटे उठून मोठ्यानं पाठ करायची तेव्हा खालून गौराक्का ओरडायच्या, "अगं ए, देवाचं तरी नाव घे मधी मधी!" तिला पदवी हवी होती ती बी.एड.साठी. बी.एड. झालं की शाळेत नोकरी, नोकरी लागली की आईची मशीन बंद. तिचं सगळं असं एकापुढं एक मांडून ठेवलेलं होतं. त्यातलं एक जरी निसटलं असतं तर पुढचं सगळं पडणार होतं.

एक गोष्ट मी नाकारत नाही. तुमच्या अंगणात बोअर होती आणि तिला पाणी होतं. अख्खी गल्ली टँकरची वाट बघायची तेव्हा तुम्ही आम्हा दोघींना रोज संध्याकाळी दोन घागरी पाणी देत होतात. काकू फाटक उघडून उभ्या राहायच्या. पाणी गोड होतं. ते आम्ही प्यालो, त्याच्यावर जगलो. हे लिहिलं नाही तर मीही तुमच्यासारखीच ठरेन.

पण तुम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसायचात, सर. येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणायचात, "गरीब पोरी हायत, माझ्या विद्यार्थिनी, त्यांना न्हाई म्हणवत न्हाई." विमल मान खाली घालून घागर भरायची. माडीवर आल्यावर म्हणायची, "शैले, असा माणूस मिळत न्हाई. कोण देतं आजकाल पाणी?" त्या दोन घागरींनी तिला तुमच्या दावणीला बांधलं. तुमच्या वहीतलं अक्षर न् अक्षर तिला खरं वाटायला लागलं ते तिथून.

मला नाही वाटलं. कारण ते खरं नव्हतं.

तुम्ही कर्लचं सूत्र शिकवायला घेतलंत तो दिवस. फळ्यावर निश्चयक मांडलात, विस्तार केलात आणि मधल्या घटकाला अधिक चिन्ह दिलंत. तिथं उणे पाहिजे, सर. कुठल्याही पुस्तकात उणेच आहे. मला तेव्हा कळलं नव्हतं, मीही उतरवून घेतलं. दोन दिवसांनी तुम्ही पुढचं प्रमेय घेतलंत, कर्लचा डायव्हर्जन्स शून्य येतो ते. तुम्ही पायऱ्या लिहीत गेलात. सगळी पदं एकमेकांना छेदून शून्य यायला पाहिजे होतं. पण दोन पदं उरत होती! मी डोळे फाडून बघत होते. तुम्ही क्षणभर थांबलात, वहीत बघितलंत, आणि खाली ठळक लिहिलंत: बरोबर शून्य.

मी हात वर केला. "सर, शून्य येत न्हाई. दोन पदं राहतात."

"येतंच शून्य. लिहा."

"सर, मागच्या तासाला मधलं चिन्ह…"

तुम्ही तेव्हा पहिल्यांदा वळून बघितलंत. "ही वही वीस वर्षांची हाय," तुम्ही म्हणालात. "तू किती वर्षांची?"

"एकोणीस."

वर्ग फुटून हसला. तुम्हीही हसलात. मी खाली बसले. माझे कान गरम झालेले मला आजही आठवतात. पस्तीस वर्षं मी वर्गात शिकवलं, सर, आणि फळ्यावर माझ्याही चुका झाल्या. पोरांनी दाखवल्या की मी डस्टर उचलायचे. किती सोपं असतं ते! डस्टर उचलायला काय लागतं? तुम्हाला तेवढंही जड झालं.

मी ग्रंथालयात गेले. मागचं कव्हर फाटलेलं एक जुनं पुस्तक मिळालं, इंग्रजी, शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला लागणारं. त्याच्यातून मी व्हेक्टर कॅल्क्युलस शिकले. पाण्याच्या रांगेत बसून शिकले. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून घागर रांगेला लावून मी तिच्यावरच पुस्तक ठेवायचे.

एकदा टँकर आला आणि चौकातल्या हौदात पाइप सोडला. पाणी कडेनं शिरून हौदात गोल फिरायला लागलं. मी कडुनिंबाचं एक पान तोडून त्यात टाकलं. पान पुढं तर जात होतंच, पण स्वतःभोवतीही गिरक्या घेत होतं. मी विमलला ओढत आणलं.

"बघ, बघ! पान फिरून राहिलं न? हाच कर्ल. पाणी त्या जागी किती फिरवतं, ते. आणि मधोमध टाकलं तर वेगळं फिरंल, कडेला वेगळं."

विमल वाकून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर खरंच काहीतरी उजळलं, सर. मी पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "पण हे पेपरात कुठं लिहायचं? सरांच्या वहीत पान न्हाई."

मागून गौराक्का कडाडल्या, "पान काढ आधी त्याच्यातलं! प्यायचं पाणी हाय ते. तुमचा अभ्यास आणि आमची तहान!"

आम्ही तिघी हसलो. अख्ख्या वर्षात व्हेक्टर कॅल्क्युलसनं आम्हाला हसवलं ते तेवढंच.

शेवटच्या तासाला तुम्ही दार लावून घेतलंत. आवाज खाली आणलात, जणू काही खजिना उघडणार. "बारा प्रश्न देतो. पेपर याच्या बाहेर जाणार न्हाई. पेपर काढणारा माझ्या ओळखीतला हाय. स्टोक्सचं प्रमेय वगळा, त्याला यंदा हात लावायची गरज न्हाई." वर्गात नुसती पेनं खरडल्याचा आवाज. मी विमलकडं बघितलं. ती असं लिहून घेत होती जसं कुणी औषधाची मात्रा लिहून घेतं.

स्टोक्स का वगळलंत हे मला नंतर कळलं. तुमच्या वहीत ते नव्हतंच. तिथली पानं सुटून गेली होती.

हे मला कसं कळलं? परीक्षेच्या दहा दिवस आधी मी जर्नलवर सही घ्यायला तुमच्या खोलीत आले. तुम्ही नव्हतात. टेबलावर वही उघडी होती. मी बघितलं. बघायला नको होतं, पण पानंही चाळली; स्टोक्सची गेलेली होती. कर्लच्या पानावर मधल्या घटकाचं ते अधिक चिन्ह तांबड्या शाईनं खोडून उणे केलेलं होतं. शाई ताजी होती, सर.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! मी बोलल्यावर तुम्ही घरी जाऊन पडताळलंत, चूक दिसली, वहीत नीट केलीत. आणि साठ पोरांच्या वह्यांत ती तशीच राहू दिलीत. एका वाक्याचं काम होतं. "मागं एक चिन्ह चुकलंय, दुरुस्त करा." हे म्हणायला तुम्हाला कोण अडवत होतं? एकोणीस वर्षांची पोर बरोबर निघाली असती, एवढंच ना?

मी तोवर तुम्हाला गर्विष्ठ समजत होते. त्या दिवशी कळलं, गर्विष्ठ माणसाकडं निदान काहीतरी असतं. तुम्ही नुसते भित्रे होतात.

मी धावत माडीवर गेले, विमलला सांगितलं. ती मानेना. "तू पुस्तकातलं सांगतीस. पेपर तपासणारे आपल्याच भागातले असतील. त्यांना सरांची पद्धत माहीत असंल."

"अगं, चिन्हाची काय पद्धत असती?"

"मग मी सरांना विचारते."

आणि तिनं विचारलं. संध्याकाळी, घागर भरताना, फाटकात. मी शेजारी उभी होते. "सर, कर्लच्या मधल्या पदाला अधिक का उणे?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. नंतर तिच्याकडं. म्हणालात, "वर्गात दिलंय तसंच लिहायचं. ऐकीव गोष्टींच्या मागं लागू नको." काकूंनी फाटक लावलं.

इथं मला थांबावं लागतं, सर. मी खूप प्रयत्न केला त्या वाक्यामागं काही कारण शोधायचा. मनात नव्हतं, गडबडीत होतात, पाण्याच्या वेळी अभ्यासाचं कशाला, असं सगळं. एकही कारण टिकत नाही. तुम्ही एका गरीब मुलीला जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलंत, मी शेजारी उभी होते म्हणून.

पेपर आला. पहिलाच प्रश्न स्टोक्सचं प्रमेय, अर्धगोलावर पडताळून दाखवा. बारातले तीन आले. चौथ्या प्रश्नात कर्ल काढायचा होता. परीक्षेच्या खोलीत मडक्यातलं पाणी संपलेलं, शिपाई ग्लास उपडा करून दाखवत फिरत होता. माझ्या पुढच्या बाकावर विमल. तिनं पेपर वाचला आणि किती तरी वेळ पेन उचललंच नाही. मग लिहायला लागली ती थांबेना. पुरवणीवर पुरवणी घेत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "जे येत होतं ते सगळं लिहिलं. शेवटची पुरवणी दोऱ्यानं बांधली, पण घंटा झाली तेव्हा गाठ नीट बसली का न्हाई, कळलं न्हाई."

निकाल लागला. वर्गातले बहुतेक व्हेक्टरमध्ये आपटले. विमलला चार मार्क कमी पडले. मी विद्यापीठात त्या विषयात वरच्या दोघांत आले.

आणि मग तुमची गंमत सुरू झाली. प्राचार्यांना तुम्ही लेखी दिलंत की दुष्काळामुळं मुलांचा अभ्यास झाला नाही. दुष्काळाला तुम्ही तुमची चूक नेऊन चिकटवलीत! आणि माझं नाव घेऊन गावभर पेढे वाटलेत. अप्पांना पत्र लिहिलंत, 'मी घडवलेली मुलगी.' अप्पांनी ते पत्र दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवलं होतं. मला ते कधी काढता आलं नाही. त्यांना काय सांगणार होते मी?

विमलला वाटत होतं, ती शेवटची पुरवणी सुटून पडली, मोजलीच गेली नाही. चारच तर मार्क. फेरतपासणीचा अर्ज भरायचा, त्याच्यावर विभागप्रमुखाची सही घ्यायची, आणि कारकुनाकडं द्यायचा. कारकून पाच वाजता गठ्ठा बांधून विद्यापीठाला पाठवणार होता. शेवटची तारीख. विभागप्रमुख तुम्ही.

नेमका त्याच दिवशी कॉलेजच्या मैदानावर मांडव होता. जिल्ह्याचा काहीतरी सोहळा, गुणवंतांचा सत्कार. तुम्ही सकाळपासून सफारी घालून फिरत होतात. विमल अकरा वाजता विभागाच्या व्हरांड्यात येऊन बसली, अर्ज आणि स्वतःचं पेन घेऊन. समोरच मांडव. मला तुम्ही व्यासपीठावर बोलावलंत. माझ्या गळ्यात हार घातलात, माझा हात धरून वर केलात. "माझी विद्यार्थिनी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरून मला व्हरांडा दिसत होता. विमल खांबाला टेकून बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती.

मग पाहुण्यांचं जेवण. साडेचार वाजता तुम्ही पाहुण्यांना विभाग दाखवायला घेऊन आलात. मी तुमच्या बरोबर होते, हार गळ्यातच. विमल उठून उभी राहिली. अर्ज पुढं केला.

"सर, सही पाहिजे व्हती."

"उद्या ये."

"सर, उद्या चालत न्हाई. आज शेवटचा दिवस हाय. पेन हाय माझ्याजवळ."

पाहुणे बघत होते. तुम्हाला ते खटकलं. नापास झालेली पोर पाहुण्यांसमोर उभी राहिली हे तुम्हाला खटकलं. तुम्ही हसून म्हणालात, "एवढी घाई होती तर अभ्यास करायचा होता." आणि दार ढकलून आत गेलात.

ज्या मुलीनं तुमची अख्खी वही स्वल्पविरामासकट पाठ केली होती, तिला तुम्ही म्हणालात, अभ्यास करायचा होता!

सही करायला किती वेळ लागतो, सर? तुमचं नाव काही फार लांब नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं विमल गावी गेली. मी स्टँडवर गेले होते. तिनं बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गौराक्काला घागर परत दे," एवढंच म्हणाली. ती पुन्हा परीक्षेला बसलीच नाही. आईनं पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं.

मी पुढं शिकले, नांदेडला नोकरी लागली, सबंध आयुष्य तोच विषय शिकवला. तुम्ही निवृत्त झाल्यावर मुलाकडं नांदेडलाच आलात. एकदा माझ्या घरी आला होतात, आठवतं? पंच्याहत्तरीचा सत्कार होता, त्यात मी बोलावं म्हणून. चहा झाल्यावर मी विचारलं, "सर, विमल आठवते का? माझ्या खोलीत राहायची."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "कोण विमल?"

"तुमच्या बोअरचं पाणी न्यायची."

"हां, पाणी!" तुमचा चेहरा खुलला. "त्या दुष्काळात मी लई जणांना पाणी पाजलं, शैला. लोक अजून नाव काढतात."

मी सत्काराला आले नाही. ताप आला असं कळवलं. ते खोटं होतं. खरं कळवायला तेव्हा मीही भ्यायले.

आता जे सांगणार आहे त्यासाठीच खरं तर हे सगळं लिहिलं. तुम्ही गेलात हे कळल्यावर मी विमलचा नंबर शोधून काढला. निलंग्याजवळच्या तिच्या गावात तिची पिठाची गिरणी आहे. नवऱ्याच्या माघारी तीच चालवते. फोनवर मागं गिरणीचा आवाज येत होता.

"विमल, सावळे सर गेले."

"गेले का?" तिनं गिरणी बंद केली. "वय झालं व्हतं."

  मग मीच सुरू झाले. तुमची वही, तांबडी शाई, ते फाटक, ती सही, सगळा राग एका दमात ओकला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाजवळ तरी. 

"झालं तुझं?" ती म्हणाली. "शैले, मला सरांचा राग तेव्हाच गेला. ते तसेच व्हते. त्यांच्याकडून मी काय अपेक्षा ठेवणार? तू मात्र त्यांच्या शेजारी उभी व्हतीस. हार घालून. त्या दिवशी तुझं ते ऐकणार व्हते, पाहुण्यांसमोर तुझीच तर कौतुकं चालली व्हती. तू एवढंच म्हणायचं व्हतं, 'सर, सही करा न.' तू माझ्याकडं बघितलंस आणि खाली बघितलंस."

 ते खरं आहे. मी खाली बघितलं होतं. सगळ्यांसमोर माझा पुन्हा अपमान होईल, तुम्ही पुन्हा मला हसाल, हार काढून घ्याल, असं काहीतरी डोक्यात होतं. इतक्या वर्षांत तुमचा तिरस्कार करण्यात मी इतकी रमले की माझ्याकडं बघायचं राहूनच गेलं. तुमच्यावर थुंकणं सोपं होतं. व्हरांड्यात तुमच्याशिवाय अजून एक भित्रं माणूस उभं होतं.

म्हणून तुम्ही लहान होत नाही. तुमच्या वाट्याचं तुमच्याकडंच राहील. पण माझ्या वाट्याचं आता मी तुमच्या नावावर टाकणार नाही.

मी विमलला विचारलं, "येऊ का तुझ्याकडं?"

तिनं गिरणीवर आलेल्या कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "माफी मागायला येत असशील तर येऊ नको, मला वेळ न्हाई. माझी नात बी.एस्सी.ला हाय. पुढल्या महिन्यात तिचा व्हेक्टरचा पेपर हाय, आणि पोरीला काही कळंना गेलंय. क्लासवाल्यानं प्रश्नांची यादी देऊन ठेवलीय, तीच पाठ करून राहिली. तिला शिकवशील का?"

"शिकवीन."

"मग ये. आपलं बोलणं नंतर बघू."

रविवारी तुमची शोकसभा आहे. चौकात तुमचा मोठा फ्लेक्स लागला आहे, 'गणितमहर्षी' म्हणून. मी येणार नाही, आणि या वेळी ताप आल्याचं कळवणार नाही. हेच पत्र तुमच्या मुलाकडं पाठवते आहे. छापायचं की फाडायचं ते त्यानं ठरवावं. त्या पोराचं मला वाईट वाटतं, पण वाईट वाटतं म्हणून दोन पानं खोटी लिहिता येत नाहीत.

आणि तुम्हाला एक वचन देते, कारण ते मोडलं तर तुम्हालाच सगळ्यात बरं वाटेल. रविवारी सकाळच्या बसनं मी विमलच्या गावी जाईन. तिच्या नातीसमोर बसून पहिल्या पानापासून सुरू करीन, स्टोक्ससकट. ती विचारील त्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देईन, आणि जे मला येणार नाही तिथं 'मला येत नाही, बघून सांगते' असं म्हणेन. पेपर होईपर्यंत तिथून हलणार नाही. विमलनं बाहेर गिरणीत बसवलं तरी बसेन.

शैला
नांदेड